वाकवलेले भाले

१

गावात कोणी अंथरुणावर मेलं, की दुसऱ्या दिवशी त्याचा भाला तुरोसच्या भट्टीवर यायचा. घरातली बाई तो कापडात गुंडाळून आणायची, उंबऱ्याबाहेर ठेवायची आणि मागं वळून न बघता निघून जायची. तुरोस तो सांडशीनं उचलायचा. मेलेल्याच्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, असं त्याला बापानं शिकवलं होतं. का, ते बापानं सांगितलं नव्हतं आणि तुरोसनं विचारलं नव्हतं.

भाला म्हणजे टोकापासून बुडापर्यंत एकच सळई, लाकडाचा त्यात पत्ता नाही. माणसाच्या उंचीपेक्षा वीतभर लांब, बोटाएवढी जाड आणि मधोमध पकडीपुरती जरा फुगीर. अंगात जोर असलेल्यानं फेकला तर ढाल, ढालीमागचं चामडं आणि चामड्यामागचा माणूस असा सगळ्यांतून तो एका दमात जायचा. तुरोस तो भट्टीत दोन जागी लाल करायचा आणि घणाच्या तीन घावांत घडी घालायचा. तिसऱ्या घावाबरोबर मनात म्हणायचा, संपलं तुझं काम. मग ती घडी उत्तर दरवाज्याखालच्या उतारावर, राखेच्या गाडग्याशेजारी पुरली जायची.

लढाईत पडलेल्यांचं वेगळं होतं. त्यांना जाळत नसत. टेकडीमागच्या खडकावर ठेवत आणि गिधाडं त्यांना वर नेत. त्यांचे भाले शत्रूच्या अंगात तरी राहत किंवा भावा-मुलांकडे जात. त्यामुळे उतारावर जे भाले पुरलेले होते ते सगळे दुसऱ्या प्रकारच्या माणसांचे होते. तापानं गेलेल्यांचे, घोड्यावरून पडलेल्यांचे, दात पडून गेल्यावर चुलीपाशी बसल्या बसल्या संपलेल्यांचे. गिधाडांनी ज्यांना नेलं नाही, त्यांचे. हा विचार तुरोसच्या मनात कधी आला नव्हता. यायचं काही कारणही नव्हतं.

त्यातला एक भाला मेल्मूचा होता. मेल्मू तुरोसचा थोरला मुलगा. तीन हिवाळ्यांपूर्वी, ज्या सकाळी गावची माणसं लढाईला निघाली त्याच सकाळी तो तापानं फणफणला. तरी उठून निघाला होता. तुरोसनं त्याला खाली पाडलं आणि दोन दिवस त्याचे दंड धरून बसला. तिसऱ्या दिवशी धरायची गरज उरली नाही. त्याचा भाला तुरोसनं स्वतः वाकवला. ते तीन घाव त्याला इतर घावांसारखेच वाटले होते, आणि याचीच त्याला पुढं लाज वाटत राहिली.

एलांदोस आला तेव्हा तुरोस विळ्याला धार लावत होता. एलांदोस गावच्या पंचांत सगळ्यांत मोठा. एका कानानं बहिरा होता, म्हणून समोरच्याला नेहमी डाव्या अंगाला उभं करायचा. त्यानं सांगितलं की रोमनांची फौज नदी ओलांडून अलीकडं आली आहे आणि चार दिवसांत खिंडीपाशी येईल. तुरोसनं लोखंडाचं विचारलं. व्यापारी तर वसंतापासून फिरकले नव्हते. आणि जमिनीत पुरलेले लोखंडाचे पत्रे अजून कच्चे होते. गंज त्यातलं हिणकस खाऊन टाकायचा आणि उरायचं ते अस्सल, पण त्याला दोन वर्षं लागत. एकच झालं होतं.

"मग उतारावरचे काढू," एलांदोस म्हणाला.

तुरोसला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "ते मेलेलं लोखंड आहे."

"लोखंड कुठं मरतं होय? तूच वाकवलंस, तूच सरळ कर. चौदा जण रिकाम्या हातानं उभे आहेत. काठ्या देऊ त्यांना?"

तुरोसनं विचारलं, बाकीचे पंच काय म्हणाले. ते जमिनीकडे बघत बसले होते, असं एलांदोसनं सांगितलं. नको, असं कोणीच म्हणालं नव्हतं. चौदांमध्ये तुरोसचा धाकटा मुलगा लुबोसही होता. मागच्या चकमकीत त्यानं फेकलेला भाला परत आला नव्हता. एलांदोसनं ते नाव घेतलं नाही. ऐरणीवर एकदा हात ठेवून तो निघून गेला.

२

सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर खणायला सुरुवात झाली. भीती घालवण्यासाठी माणसं थट्टा करत होती. एका म्हाताऱ्याच्या जागेवर कुदळ मारताना कोणीतरी म्हणालं, "विचारा रे त्याला आधी. जिवंतपणी दोरीसुद्धा उसनी दिली नाही यानं कधी." सगळे हसले आणि मग मान खाली घालून खणू लागले.

मेल्मूची जागा त्याच्या आईनं, अंबातानं, स्वतः उकरली. दुसऱ्या कोणाला तिनं हात लावू दिला नाही. गाडगं बाजूला उचलून ठेवलं, त्यावरची माती पदरानं पुसली आणि घडी केलेला भाला कापडात घेऊन भट्टीवर आली. तिनं तो उंबऱ्याबाहेर ठेवला नाही. आत येऊन ऐरणीवर ठेवला.

"हा लुबोसला द्या," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडे गेलेला मला बघवणार नाही."

वाकवण्यापेक्षा सरळ करणं अवघड. घडीच्या जागी लोखंड थकलेलं असतं, वर्षानुवर्षं ओल खाऊन आतून पोकळ झालेलं असतं. घाव जरा कमी-जास्त बसला की ते पाव मोडावा तसं मोडतं. चौदांतले सहा-सात हाती लागले तरी पुष्कळ, असा तुरोसचा हिशेब होता. पहिला त्यानं फार जपून तापवला. लोखंड लाल व्हायच्या आधीच घडी सैल झाली. घण नुसता टेकवला आणि सळई सरळ झाली.

दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याचं तेच. संध्याकाळपर्यंत चौदाच्या चौदा भाले भिंतीला टेकून उभे होते. एकालाही तडा गेलेला नव्हता.

तुरोसला आनंद व्हायला हवा होता. चाळीस वर्षांच्या कामात इतकं सरळ काम त्याच्या हातून झालं नव्हतं. त्यानं स्वतःला समजावलं की उतारावरची माती कोरडी आहे, त्यात राखही होती, राखेनं लोखंड टिकतं. कारण पटण्यासारखं होतं. तरी शेवटचा भाला भिंतीला लावताना त्याच्या लक्षात आलं की दिवसभरात घणाचा आवाज असा झालाच नाही. शेजारच्या अर्कांतानं संध्याकाळी जाता जाता विचारलंही, "आज काम बंद होतं का हो?"

भाले आत ठेवून त्यानं दार लावलं आणि आडणा घातला.

३

सकाळी आडणा जागच्या जागी होता. भालेही होते. सगळे कालच्यासारखेच काळपट, गंजाच्या डागांचे, फक्त मधला फुगीर भाग तेवढा उजळलेला. चौदाही भाल्यांवर, पकडीच्या तेवढ्याच जागी. हातात धरून धरून विळ्याची मूठ जशी गुळगुळीत होते, तशी.

तुरोस पुष्कळ वेळ बघत उभा राहिला. आपणच काल शेवटी राखेनं घासले असतील, असं त्याला वाटलं. दमलेल्या माणसाला काय केलं ते आठवत नाही. मग त्यानं आपले हात पाहिले. राखेनं घासलं असतं तर नखांत राख असती. नखं स्वच्छ होती. तो कोणाजवळ काही बोलला नाही. एलांदोसची माणसं दारात आली होती आणि रोमन खिंडीपाशी यायला आता दोनच दिवस उरले होते.

भाले वाटले गेले. लुबोस आला आणि भावाचा भाला घेऊन गेला. लुबोस चोवीस वर्षांचा होता, मेल्मू मेला त्या वयापेक्षा दोन वर्षांनी मोठा. काम करताना शीळ घालायची त्याला सवय होती. त्याची बायको स्तेना म्हणायची, याला शोधावं लागत नाही, कान दिला की सापडतो.

त्या दुपारी स्तेना चार महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन भट्टीवर आली. सकाळपासून शीळ ऐकू आली नाही, असं ती म्हणाली. ते अंगणात बसलेत, भाला मांडीवर आहे, जेवायला उठले तरी तो हातातच. मुलीला पुढं केलं तर तिच्याकडे नुसतं बघितलं, घेतलं नाही.

"लढाईच्या आधी होतं असं," तुरोस म्हणाला. "मीही बोलत नसे."

ते खोटं नव्हतं. स्तेनानं मान हलवली. पण जाताना ती घराच्या दिशेनं चार पावलं गेली, थांबली आणि वळून आपल्या आईच्या घराकडे गेली.

४

लढाई दुपारची झाली. तटावरून खिंड दिसत नसे, फक्त तिच्यावरची धूळ दिसे. बायका आणि म्हातारे तटावर उभे होते. आवाज येत होते ते सगळे पलीकडचे, परक्या भाषेतले. आपल्या माणसांची आरोळी, जी एरवी डोंगरावरून घरंगळत गावापर्यंत यायची, ती कोणालाच ऐकू आली नाही. एलांदोसनं दोनदा विचारलं, "ओरडतायत ना आपले?" आणि दोन्ही वेळा कोणी उत्तर दिलं नाही. तो बहिरा होता, म्हणून ते चालून गेलं.

उन्हं कलायच्या आत धूळ मागं सरली. रोमन हटले होते.

आधी जखमी आले. एकाला तुरोसनं पाणी पाजलं. त्याच्या पोटऱ्या फाटल्या होत्या, पण त्याला बोलायचं होतं ते दुसरंच. ते चौदा जण पुढं होते, म्हणाला. ओरडले नाहीत. भाला फेकायचा, चालत जायचं, माणसावर पाय ठेवून भाला उपसायचा आणि परत फेकायचा. "घाई नाही काही नाही. पेरणी करावी तसं."

"कोणी पडलं त्यांच्यातलं?"

"कोणी नाही. आमच्यातले वीस पडले."

मग चौदा जण आले. एका मागोमाग एक, चढ चढून. प्रत्येकाच्या खांद्यावर त्याचा भाला होता. फेकलेला भाला माघारी येणं म्हणजे नशीब. चौदा भाले माघारी येणं तुरोसनं आयुष्यात पाहिलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. बुर्दो नावाच्या पोरसवदा तरुणाची आई सगळ्यांत पुढं होती, हातात पाण्याचं भांडं घेऊन. बुर्दो तिच्या समोरून गेला. भांड्याला त्याचा कोपर लागला, पाणी सांडलं. तो आणखी तीन घरं पुढं गेला आणि अर्कांताच्या घरात शिरला. तिथं दाराची चौकट ठेंगणी होती. नवखा माणूस हमखास डोकं आपटून घ्यायचा. बुर्दो न बघता वाकला आणि आत गेला.

अर्कांता विधवा होती. तिचा नवरा सेकिलोस पाच वर्षांपूर्वी घोड्यावरून पडून गेला होता.

लढाईनंतर माणसाला घर आठवत नाही, हे तुरोसला माहीत होतं. त्यानं स्वतः एकदा असंच दुसऱ्याचं दार वाजवलं होतं. पण तो मागं उभा राहून बघत होता, आणि चौदांतला एकही जण आपल्या दारात थांबला नाही.

फक्त लुबोस घरी आला. तुरोसनं सुस्कारा सोडला. मग त्याच्या ध्यानात आलं की मेल्मूचं घरही हेच होतं.

५

लुबोस चुलीच्या उजव्या अंगाला बसला. तिथं तीन वर्षं कोणी बसत नव्हतं. भाला मांडीवर घेतला. अंबातानं ओकफळांच्या पिठाची भाकरी आणि मध पुढं ठेवला. त्यानं भाकरीकडे पाहिलं नाही.

"तुरोस," तो म्हणाला, "पाणी दे."

लुबोसनं बापाला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. मेल्मू मारायचा. तो आजोबांच्या अंगाखांद्यावर वाढला आणि आजोबा मुलाला ज्या नावानं हाक मारत तेच नाव त्यानं उचललं. ते बदलावं असं घरात कोणाला कधी वाटलं नाही.

तुरोसनं पाणी दिलं. थट्टा करतो आहेस का, असं त्याला विचारायचं होतं. स्तेना मुलीला घेऊन दारात उभी होती. चुलीपाशी बसलेल्यानं तिच्याकडे पाहिलं, मग अंबाताकडे.

"ही कोण, आई?"

अंबाता त्याच्यासमोर उकिडवी बसली होती. तिचा चेहरा तुरोसला दिसत नव्हता, पण तिच्या खांद्यांत तीन वर्षांत नसलेलं काहीतरी आलं होतं. ती तरुण बाईसारखी बसली होती.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तू जेव."

स्तेनानं मुलीला घट्ट धरलं. ती मागं सरली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मुलगी रडायला लागली. घरात बसलेल्या माणसानं रडण्याच्या दिशेनं मान वळवलीसुद्धा नाही. परक्याच्या घरात मूल रडावं, तितकीच त्या रडण्याची त्याला ओळख होती.

पुढचे चार दिवस हेच. ते चौदा जण दिवसभर तटावर उभे असत, मैदानाकडे तोंड करून. कोणी जेवताना दिसलं नाही. उन्हं उतरली की ज्या घरांत गेले होते त्याच घरांत जात. काही घरांत त्यांना आत घेतलं गेलं. अर्कांता मात्र बाहेर अंगणात राहू लागली. तिनं तुरोसला सांगितलं की बुर्दो आत बसून विचारतो, तांबडी घोडी कुठं बांधलीस. घोडी सेकिलोसला पाडून पळाली ती कधीच मिळाली नव्हती. "या पोराला तिचा रंग कोणी सांगितला?"

"गावात सगळ्यांनाच माहीत आहे तो."

"तिला मी कोणत्या नावानं हाक मारायचे, तेही?"

तुरोस तिथूनच एलांदोसकडे गेला.

भाले परत घ्यायला हवेत, म्हणाला. एलांदोसनं सगळं ऐकून घेतलं. त्याचा स्वतःचा पुतण्या त्या चौदांत होता आणि एका म्हाताऱ्या बाईच्या घरात जाऊन बसत होता. रोमन नदीकाठी तळ ठोकून आहेत, एलांदोस म्हणाला, त्यांना मदत येते आहे, आणि ते खिंडीत पाऊल टाकत नाहीत ते फक्त या चौदांना भिऊन.

"गावाला चौदा माणसं हवीत, तुरोस. कोणती, ते गाव विचारत नाही."

६

स्तेना भट्टीवर आली तेव्हा तिच्या पायांत चपला नव्हत्या.

"मामंजी, तुम्ही तो वाकवा," ती म्हणाली. "बाकी मला काही समजत नाही. पण तुम्ही वाकवला तेव्हा मेल्मूभावजी गेले होते ना? आता परत वाकवा. हे परत येतील."

येतील की नाही, हे तुरोसला माहीत नव्हतं. पण सांगायला त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. त्यानं तटावर लुबोसकडे निरोप धाडला की भाल्याचं टोक बोथट झालं असेल, धार करून देतो.

तो दुपारी आला. भाला हातातून सोडायला तयार नव्हता. स्वतःच त्यानं एक अर्धं भट्टीत सरकवलं आणि दुसरं हातात धरून दगडावर बसला. तुरोस भाता ओढू लागला. समोर लुबोसचा चेहरा होता. ओठावरचा लहानपणचा व्रण होता, भुवईत राख अडकली होती. फक्त चेहरा हलतच नव्हता.

"तू मला धरून ठेवलंस," तो म्हणाला. रागानं नाही. "ते सगळे निघाले होते. मला त्यांची पावलं ऐकू येत होती आणि तू माझ्यावर बसला होतास."

"तुला ताप होता."

"मला गिधाडांनी नेलं असतं."

तुरोस भाता ओढत राहिला. मग त्यानं विचारलं, "लुबोस कुठं आहे?"

"मी होतो तिथं."

"तिथं काय आहे?"

तो एकेक शब्द सावकाश बोलला, आठवावं लागत असल्यासारखा. "तिथं वर काही नाही. वर बघायची सवय असते, पण वर काही नाही. तो हाका मारतो. मीही मारायचो आधी."

"कोणाला?"

"तुलाच."

लोखंड लाल झालं होतं. तुरोसनं ते सांडशीनं ऐरणीवर ओढलं. दुसरं टोक त्या हातात होतं आणि तो हात नुसता मागोमाग आला, अडवलं नाही. पहिला घाव बसला. या वेळी आवाज झाला, मोठा. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. घडी पडली. तो चेहरा तसाच होता. तुरोसनं सळई वळवली, तापवली आणि दुसरा घाव घातला.

भाल्याचं टोक धरलेली बोटं हलली. तोंड उघडलं. झोपेतून उठल्यासारखा, घोगरा, ओळखीचा आवाज आला.

"बाबा, हात भाजतोय."

घण वर गेलेला होता. चाळीस वर्षं दुसऱ्यामागून तिसरा घाव घालणारा हात होता तो. तुरोसनं ऐकलं, समजलं, थांबवलंही. पण हे सगळं त्यानं मनात केलं. घण खाली आला.

तिसरा घाव बसला आणि लुबोसची बोटं उघडली. तो दगडावरून आपल्या वजनानं बाजूला कलला. तुरोसनं त्याला पडायच्या आधी धरलं. तळहातावरच्या फोडात पाणी भरत होतं. म्हणजे भाजलं तेव्हा तो जिवंत होता.

७

त्याला जाळलं. लढाईत पडलेला नव्हता, म्हणून खडकावर ठेवता आला नाही. अंबाता चितेपाशी आली नाही. घरात चुलीच्या उजव्या अंगाला हात ठेवून बसली होती. तुरोस आत आला तेव्हा ती वर न बघता म्हणाली, "अजून किती वेळा माराल माझ्या पोरांना?"

त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

तुरोसला एकच गोष्ट छळत होती. तो दुसऱ्या घावावर थांबला असता तर. की तो आवाजही लुबोसचा नव्हताच, हात सोडवून घ्यायला तो मेल्मूनं काढला होता? दिवसातून शंभरदा तो हे दोन्ही खरं मानायचा. दोन्ही बाजूंनी विचार करून शेवटी तो एकाच ठिकाणी यायचा. फोडात पाणी भरत होतं.

एलांदोस आला तो राख थंड व्हायच्या आत. तेरा उरले, म्हणाला, आणि रोमनांना ते कळायला वेळ लागणार नाही. "तो भाला पुरू नकोस. सरळ कर. कोणीतरी मिळेल हातात द्यायला." तुरोसनं त्याला हाकललं नाही, होही म्हटलं नाही.

पण स्तेना आली तेव्हा तीही तेच म्हणाली. मुलगी तिच्या पाठीवर बांधलेली होती. तिचे डोळे कोरडे होते.

"सरळ करा, मामंजी. आता त्यावर शेवटचं मरण त्यांचं आहे. मेल्मूभावजींचं जुनं झालं."

"आणि कोणाच्या हातात देऊ?"

अशी गोष्ट ती तोंडानं मागणार नव्हती. तुरोसनं तिच्या पाठीवरच्या मुलीकडे पाहिलं. मुलीनं तोंडात मूठ घातली होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

भाला या वेळी सहज सरळ झाला नाही. दोन दिवस लागले. प्रत्येक घडीपाशी लोखंड कण्हत होतं आणि एका जागी केसाएवढी भेग पडली. तुरोसला त्यातूनच आशा वाटली. हा नवा मेलेला आहे, जुना नाही. मग वाटलं की भेग म्हणजे काहीच नाही, दोनदा वाकून सरळ झालेल्या लोखंडाला भेग जाणारच.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सांडशी खाली ठेवली आणि उघड्या हातानं भाला मधोमध धरला. लोखंड गार होतं. तो भट्टीच्या उंबऱ्यावर जाऊन बसला. उन्हात समोरची गल्ली, अर्कांताचं अंगण, तटावर उभे असलेले तेरा जण, सगळं दिसत होतं. स्तेनाला त्यानं सांगून ठेवलं होतं की दुपारी येत जा आणि हाक मारून बघ.

पहिल्या दुपारी तिनं विचारलं, "मामंजी?" आणि तो म्हणाला, हो.

दुसऱ्या दुपारीही तो हो म्हणाला, पण तिच्या हातात भाकरी आहे हे त्याला बऱ्याच वेळानं समजलं. भाल्याची मूठ उजळली होती. तळहाताखाली ती आता गार नव्हती. गल्ली तीच होती, पण तिच्यात चालणारी माणसं त्याला पाठमोरीच दिसत, कुठूनही आली तरी. घणाच्या घावांनी दुखणारा खांदा दुखायचा थांबला होता आणि त्याचीच त्याला पहिल्यांदा भीती वाटली. तो खांदा चाळीस वर्षं त्याचा होता.

त्यानं आठवून पाहिलं. बापाचं नाव आठवलं. बायकोचं आठवलं. मुलांची दोन नावं आठवली, पण त्यातलं थोरल्याचं कोणतं, हे सांगता येईना.

तिसऱ्या दुपारी स्तेना आली तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. नदीकडून रोमनांचे कर्णे वाजत होते. तटावरचे तेरा जण एकदम चालू लागले होते, खिंडीकडे, घाई न करता. ती त्याच्यापासून चार पावलांवर थांबली. तिला पुढं यायचं धाडस होईना. उंबऱ्यावर बसलेला माणूस हळूहळू उठला. त्याला गुडघ्यांवर हात टेकावे लागले नाहीत.

"कोण?" तिनं विचारलं.

तुरोसला उत्तर द्यायचं होतं. त्याला तिला आधीच सांगून टाकायचं होतं की पोरी, मागं हो, अजून मला ठाऊक नाही. तोंड हललं. शब्द निघाला. स्तेनानं तो ऐकला, कारण तिचा हात गळ्याशी गेला आणि चेहरा बदलला. आनंदानं की कशानं, तेवढं बघायला तो निरखून पाहू लागला. पण तिचा चेहरा फार लांब होता, विहिरीच्या तळातून काठावरचं माणूस दिसावं तसा. आपल्याच तोंडानं घेतलेलं नाव त्याला ऐकू आलं नाही. त्यानं सवयीनं वर पाहिलं.